दोन दिवसांत चौदा ठिकाणं, बस एक, माणसं ४३: गोव्याच्या सहलीचं खरं गणित

गडहिंग्लजच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची ४३ माणसं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्याला यायची आहेत. बहुतेक साठीच्या पुढचे, एक आजोबा ८१ वर्षांचे, शिवाय तीन नातवंडं. पंचेचाळीस सीटची बस ठरवली आहे. गुरुवारी रात्री अकराला निघून पहाटे पोचायचं, शुक्रवार-शनिवार फिरायचं, रविवारी परत. मंगेशी, म्हार्दोळची महालसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, जुने गोवे, पणजीचं चर्च, फोन्तेन्यास, मिरामार, दोनापावल, आग्वाद, कळंगुट, बागा, दूधसागर आणि मांडवीतली बोट. तीन घरांची कुलदेवता महालसा आहे. कुठल्या क्रमाने फिरलं तर सगळं बसेल? आचारी बरोबर आणावा का? आणि एका मोठ्या बसऐवजी दोन मिनीबस बऱ्या का?"

ताई, मी फोंड्याचा. बावीस वर्षं बाहेरून येणाऱ्या ग्रुपना फिरवतोय, त्यातले निम्म्याहून जास्त कोल्हापूर, सांगली, बेळगावकडचे. तुमच्यासारखी यादी मला दर हंगामात दोन-चारदा येते, आणि सगळ्यांचा प्रश्न तुमचाच असतो: क्रम कसा लावू? क्रम लावून देणं अवघड नाही. पण नकाशावर अंतरं मोजून लावलेला क्रम पहिल्याच दिवशी अकरा वाजेपर्यंत कोसळतो, कारण ग्रुपच्या सहलीत वेळ रस्त्यावर जात नाही. तो बसच्या दारात जातो.

हिशेब करून बघा. बसला दार एक. साठीच्या पुढची ४३ माणसं उतरायला सात-आठ मिनिटं लागतात. कुणाची चप्पल सीटखाली गेलेली असते, कुणाला काठी शोधायची असते. परत चढताना त्याहून जास्त. मग मोजदाद, मग "अहो, कुलकर्णीकाकू अजून दुकानात आहेत". बस जिथे उभी राहते तिथून देवळापर्यंत चालायचं ते वेगळंच. माझ्या अनुभवात एका थांब्यामागे अर्धा तास असा जातो, ज्यात कुणी काहीच पाहिलेलं नसतं. चौदा ठिकाणं दोन दिवसांत म्हणजे दिवसाला सात, म्हणजे साडेतीन तास निव्वळ चढण्या-उतरण्यात. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा धरलं तर दहा तास. त्यातून जेवणाचा सव्वा तास आणि प्रवासाचे तीन तास काढा. उरले सव्वादोन तास, म्हणजे एका ठिकाणी वीस मिनिटंसुद्धा नाहीत. मंगेशीला वीस मिनिटांत दर्शन होतं, पण मग मंगेशी पाहून होत नाही.

म्हणून माझा नियम: ज्येष्ठांचा ग्रुप असेल तर दिवसाला चार उतरणी, म्हणजे अख्ख्या ग्रुपने बसमधून चारदाच उतरायचं. कॉलेजची मुलं असतील तर सहा. ठिकाणं मोजायची नाहीत, उतरणी मोजायच्या. एका उतरणीत दोन-तीन कामं होत असतील तर तेच ठिकाण निवडायचं.

क्रमाच्याही आधी एक गोष्ट, आणि ती मी जरा जोरात सांगणार आहे. गुरुवारी रात्री अकराला निघू नका. गडहिंग्लजहून आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीला गोव्यात शिरायचं, तिथून पणजी. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. अंतर काही फार नाही. पण जो ड्रायव्हर रात्री आंबोलीचा घाट उतरून पहाटे तुम्हाला पोचवेल, तोच सकाळी आठला स्टिअरिंगवर बसून संध्याकाळपर्यंत कळंगुटच्या गर्दीत गाडी काढणार आहे. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा (त्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने घेतली) सांगायचा की दिवसाला आठ तास काम, लांबच्या प्रवासात फार तर दहा, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. "आमचा ड्रायव्हर पक्का आहे, त्याला झोप लागत नाही" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. एकदा तर असा पक्का ड्रायव्हर बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे माझ्या शेजारी बसून दिवसाढवळ्या पेंगला होता. मी त्याच्या मांडीवर चापट मारली म्हणून आज हे लिहितोय. त्या दिवसापासून रात्रभर गाडी चालवून आलेल्या ड्रायव्हरचा ग्रुप मी घेत नाही.

तेव्हा गुरुवारी सकाळी नऊला निघा. आंबोलीत चहा, सावंतवाडीत जेवण. मोती तलावाच्या काठावर पाय मोकळे करा, लाकडी खेळणी घ्यायची तर तिथेच घ्या, कारण परतताना सगळे दमलेले असतात. चार-साडेचारपर्यंत पणजी. खोल्या घेऊन, तोंड धुऊन सूर्यास्ताला मिरामार. डिसेंबरात सूर्य सहाच्या जरा पुढे बुडतो, तेव्हा साडेपाचला किनाऱ्यावर हवं. तुमच्या यादीतलं एक ठिकाण गुरुवारीच संपलं आणि खोल्यांची एक रात्र वाढली. या रात्रीचे पैसे लागतील हे खरं, पण पहाटे पाचला पोचून बारा वाजेपर्यंत खोली न मिळालेली ४३ माणसं हॉटेलच्या पायऱ्यांवर बसलेली मी पाहिली आहेत. त्यांचा पहिला दिवस तिथेच संपतो.

आता काय गाळायचं.

दूधसागर गाळा. धबधबा ३०० मीटरहून उंच आहे आणि सुंदर आहे यात वाद नाही. पण बस कुळ्यापर्यंतच जाते. पुढे जंगलातून जीप, एका जीपला सात माणसं, म्हणजे तुम्हाला सात जीप. ओढे ओलांडत, हाडं खिळखिळी करत जायचं आणि शेवटी ओल्या दगडांवरून चालायचं. त्यात डिसेंबरात पाणी उतरलेलं असतं. अख्खा दिवस जातो. तुमच्यात गुडघ्याचं दुखणं नसलेले किती जण आहेत ते तुम्हीच मोजा.

बागा गाळा. कांदोळी, कळंगुट, बागा ही एकाच किनाऱ्याची सलग पट्टी आहे. कळंगुटला समुद्र पाहिला की बाग्याला तोच समुद्र दिसतो, फक्त मोठी बस वळवायला जागा आणखी कमी. दोनापावल गाळा, कारण मिरामारला जाऊन आलेल्या ज्येष्ठाला तिथे नवं असं थोडंच आहे आणि उतरण मात्र एक पूर्ण जाते. रामनाथीचं वाईट वाटतं, पण एका दिवसात चार देवळं झाली की शेवटच्या देवळात माणसं देवाकडे कमी आणि पायांकडे जास्त बघतात.

फोन्तेन्यासचं काय करायचं हे तुमच्या माणसांवर अवलंबून आहे. पणजीच्या मळा भागातल्या त्या जुन्या गल्ल्यांत मोठी बस जात नाही; कुणी "जाते" म्हणालं तरी ऐकू नका. एका ड्रायव्हरने माझं न ऐकता गाडी आत घातली होती. आरशाला बाल्कनी, मागे स्कूटर आणि पुढे एक म्हातारी पोर्तुगीजमध्ये शिव्या देतेय. पाऊण तास लागला बाहेर पडायला. ज्यांना चालायला आवडतं अशा दहा-बारा जणांनी पाटोच्या बाजूने छोटा पूल ओलांडून पायी जावं. ती लोकांची राहती घरं आहेत. फोटोसाठी दारात ठिय्या देणाऱ्या पाहुण्यांना तिथली माणसं आता कंटाळली आहेत, तेव्हा आवाज खाली आणि पायरीवर बसायचं नाही.

राहण्यासाठी किनाऱ्यावरचं हॉटेल मोह घालतं, पण तुम्ही ते घेऊ नका. पणजी, पर्वरी किंवा फोंडा यांपैकी एक ठिकाण धरा आणि सगळ्या रात्री तिथेच काढा. रोज सामान बांधायचं म्हणजे रोज एक जादा उतरण. हॉटेल ठरवताना मी तीन गोष्टी विचारतो: लिफ्ट आहे का, बस रात्री कुठे उभी राहील, आणि ड्रायव्हर-क्लीनरला झोपायला खोली आहे का. तिसरा प्रश्न विचारला की काही मालक गडबडतात. "ते गाडीत झोपतात ना?" डिसेंबरात डास असतात, साहेब, आणि सकाळी माझी ४३ माणसं त्यांच्याच हातात असतात. साधी व्यवस्था चालत असेल तर फोंड्याकडच्या मोठ्या देवळांच्या अग्रशाळा, म्हणजे भक्तांना उतरायच्या खोल्या, आहेत. खोल्या स्वच्छ असतात, पण तिथे मांसाहार आणि दारू चालत नाही. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी लपूनछपून पिणारं असेल तर त्याला आधीच सांगा. अग्रशाळेत उतरलात तर पुढचं वेळापत्रक थोडं फिरवावं लागेल, कारण मग देवळं दाराशी आणि किनारा लांब.

शुक्रवारी किनारा करा आणि शनिवारी देवळं व जुने गोवे. हे उलट केलंत तर फसाल, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक, शनिवारी दुपारनंतर बेळगाव, हुबळी, कोल्हापूरहून गाड्या उतरतात आणि कांदोळी ते बागा हा रस्ता संध्याकाळी अक्षरशः उभा राहतो. एका शनिवारी मी सूर्यास्ताला आग्वादला पोचायचं म्हणून एका ग्रुपला पाचला पणजीहून काढलं. सूर्य बुडाला तेव्हा आम्ही कांदोळीत एका फर्निचरच्या दुकानासमोर होतो. सगळ्यांनी खिडकीतून हात जोडले. दुसरं कारण, जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

तर शुक्रवारी सकाळी आग्वाद, उघडल्या उघडल्या. किल्ला १६१२ चा. इथे गोड्या पाण्याचे झरे होते, जहाजं पाणी भरून घ्यायची, म्हणून पोर्तुगीज भाषेतल्या पाण्यावरून हे नाव पडलं. आतलं मोठं टाकं आणि १८६४ चा दीपस्तंभ पाहा. वर सावली जवळजवळ नाही, म्हणूनच सकाळची वेळ. आणि एक घोटाळा टाळा: वरचा किल्ला आणि खाली समुद्राकडचा तुरुंग, जिथे गोवा मुक्तिसंग्रामातले सत्याग्रही कोंडलेले होते आणि जिथे आता संग्रहालय आहे, यांची दारं वेगळी आहेत. दोन्ही पाहायचं म्हणजे दोन उतरणी. तुमच्यात इतिहासाची आवड असेल तर तुरुंग निवडा, वारा आणि समुद्राचा देखावा हवा असेल तर वरचा किल्ला. मला विचाराल तर ज्येष्ठांना मी तुरुंगात नेतो. १९६१ चा १९ डिसेंबर आठवणारी माणसं तिथे एकमेकांना सांगत बसतात आणि मला काही बोलावं लागत नाही.

तिथून साडेदहा-अकराला कळंगुट. बस आत न घालता पार्किंगमध्ये सोडा आणि चालत जा. पाण्यात कुणी उतरायचं आणि किती, हे बसमध्येच ठरवा, वाळूवर नको. वाळूवर कुणी कुणाचं ऐकत नाही. लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊल नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये जीवरक्षकांची नजर असते, तिथेच गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. आपल्याकडच्या बायका साड्या खोचून, हात धरून साखळी करून पाण्यात जातात. बघायला छान दिसतं. पण लाट मागे खेचते तेव्हा एकीचा पाय सुटला तर साखळीच आत ओढली जाते. नातवंडांसाठी एक माणूस वेगळा नेमा, ज्याने फोनला हात लावायचा नाही.

जेवण करून दोनला हॉटेलवर परत. ही विश्रांती मी कापू देत नाही. तरुण संयोजक म्हणतात, "दुपारचा वेळ वाया जातो." वाया जात नाही, त्यावर संध्याकाळ चालते. साडेचारला पणजीत उतरा. चर्च चौकातून वरचं पांढरं चर्च आणि तो नागमोडी जिना खालूनच पाहा. मुळात १५४१ चं प्रार्थनाघर, आजचं रूप १६१९ पासूनचं. चढायची जबरदस्ती नको. पाय चालत असतील त्यांनी वर मळ्याच्या बाजूला महालक्ष्मीचं देऊळ गाठावं. पोर्तुगीज राजवटीत पणजीत परवानगी मिळालेलं पहिलं हिंदू देऊळ ते, १८१८ चं.

बोटीबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. मांडवीवरची तासाभराची सफर संध्याकाळी असते. नदी सुरेख, पूल सुरेख, पण वर मोठ्याने गाणी आणि निवेदक "कोल्हापूरकर कुठे आहेत?" करून ओरडत असतो. काही ज्येष्ठांना ते इतकं आवडतं की नाचतात, काही कानांवर हात ठेवून तास मोजतात. तुमची माणसं कुठल्या गटातली आहेत ते तुम्हालाच ठाऊक. शांत हवं असेल तर पणजीहून बेतीला फेरीबोटीने जाऊन परत या. पायी माणसाला पैसे पडत नाहीत, वारा तोच, नदी तीच, शेजारी मासळीची टोपली घेतलेली बाई. माझ्या एका ग्रुपमधल्या आजी परत गेल्यावर वर्षभर फक्त त्या फेरीबोटीबद्दल बोलत होत्या, असं त्यांच्या सुनेने मला फोनवर सांगितलं.

शनिवार. साडेसातला निघून मंगेशी. पणजीहून जाताना जुने गोवे आधी लागतं, पण तिथे थांबू नका, ते परतताना. सकाळी देऊळ शांत असतं, पार्किंगपासून दुकानांच्या रांगेतून चालताना ऊन नसतं. अर्ध्या चड्डीतली नातवंडं चालतील, अर्ध्या चड्डीतले आजोबा चालणार नाहीत. चर्चमध्येही तोच नियम धरा.

बसमध्ये माईक असेल तर या वाटेवर कुणीतरी गोष्ट सांगा, कारण त्यावर दुपार उभी आहे. मंगेशाचं मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचं कुठ्ठाळी, जुवारी नदीच्या काठावर. १५६० मध्ये, पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या धाकात, भक्तांनी लिंग रातोरात नदीपलीकडे प्रियोळला, आजच्या जागी, आणलं. हा मुलूख तेव्हा आदिलशहाच्या ताब्यात होता. फोंड्याच्या आसपास एवढी देवळं का दाटली आहेत याचं उत्तर यात आहे: नदीच्या अलीकडे राहता न आलेले देव इथे आले. पुढे १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिला. कवळ्याची शांतादुर्गाही अशीच केळशीहून आली आणि तिचं आजचं देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने १७३८ च्या सुमारास उभं राहिलं. आधी ही देवळं पाहून दुपारी जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये पाऊल ठेवलं की दोन्हीकडचा इतिहास एकमेकांत बसतो. उलट क्रमाने नेलेले ग्रुप चर्चमध्ये उंची आणि सोनं बघून बाहेर पडतात.

महालसेचं असं करा. मंगेशी ते म्हार्दोळ अंतर अगदी थोडं आहे. ज्या तीन घरांची कुलदेवता आहे तेवढीच दहा-बारा माणसं बसने पुढे पाठवा. त्यांना ओटी भरायची असेल, अभिषेक करायचा असेल, घाई नको. बाकीचे मंगेशीत सभामंडपात बसतील, चहा घेतील, दीपमाळेसमोर फोटो काढतील. दहा माणसं चढायला-उतरायला चार मिनिटं लागतात, तेव्हा ही उतरण मी हिशेबात धरत नाही. बस ग्रुपसाठी आहे म्हणून दर वेळी पूर्ण ग्रुपच तिच्यात बसला पाहिजे असं कुठे लिहिलंय? अभिषेक असेल तर देवस्थानात आधी फोन करून वेळ घ्या.

मग कवळे. तिथून दुपारच्या जेवणाला कुळागर, म्हणजे सुपारी-मसाल्यांची बाग. केरी, सावई, कुर्टी या भागांत मसाल्याच्या बागा पाहुण्यांसाठी उघड्या असतात. सुपारी, मिरवेल, वेलची, जायफळ दाखवतात, मग केळीच्या पानावर किंवा मातीच्या ताटात जेवण. स्वच्छतागृह, सावली, बसायला जागा, बस उभी करायला मोकळं आवार, सगळं एका उतरणीत. खर्च हॉटेलपेक्षा जास्त येतो, पण तुमच्या वयाच्या ग्रुपसाठी गोव्यातली ही सगळ्यात सोयीची दुपार आहे.

तीनपर्यंत जुने गोवे. बॉम जेझुस बॅसिलिका १६०५ मध्ये अभिषिक्त झालेली. सेंट झेवियरचे अवशेष चांदीच्या पेटीत उंचावर आहेत. जवळून दर्शनाचा सोहळा दर दहा वर्षांनी होतो, मागचा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झाला, त्यामुळे "शव बघायला मिळेल ना?" असं विचारणाऱ्यांना आत्ताच खरं सांगून ठेवा. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला. समोर रस्ता ओलांडून से कॅथेड्रल, त्याला लागून संग्रहालय. रस्ता ओलांडताना सगळ्यांना एकदम न्या, दोन टोकांना दोन माणसं उभी करून. सगळं सपाट आहे, काठीवाल्यांना अडचण नाही. ३ डिसेंबरचं सेंट झेवियरचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, तुमच्या आधी होऊन गेलेलं असेल, हेही बरंच. त्या दिवसांत बस लावायला जागा मिळत नाही.

हे झालं ठिकाणांचं: गुरुवारी एक, शुक्रवारी तीन, शनिवारी चार. आता तुमचे बाकीचे दोन प्रश्न.

आचारी आणू नका. पूर्वी आपल्याकडच्या बसच्या टपावर शेगडी, पातेली, तांदळाचं पोतं असायचं आणि किनाऱ्यावर नाहीतर रस्त्याकडेला चूल पेटायची. मीही त्या पिठल्यावर ताव मारलाय, खोटं कशाला बोलू. पण गोव्याच्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं हा आता गुन्हा आहे. त्या दुरुस्तीत दंड एकट्याला २,००० आणि ग्रुपला १०,००० रुपये ठरला होता. दंडापेक्षाही, उष्टी पत्रावळ आणि खरकटं टाकून गेलेल्या बसबद्दल इथल्या गावकऱ्यांच्या मनात राग साचलाय आणि तो मराठी पाटीच्या गाडीवर आधी निघतो. अग्रशाळेत स्वयंपाकाची सोय देत असतील तर गोष्ट वेगळी, ती विचारून घ्या. नाहीतर हॉटेलात आदल्या दिवशी फोन: इतक्या शाकाहारी थाळ्या, इतक्या माशांच्या, अमुक वाजता. ४३ माणसं न सांगता आत शिरली आणि प्रत्येकाने मेन्यूकार्ड उघडलं की दीड तास गेला. दोनच पर्याय ठेवा. न्याहारीला मात्र फोंड्यात किंवा पणजीत पातळ भाजी, पाव आणि बन्स खाऊ घाला. ते घरी मिळत नाही.

बस एकच ठेवा. दोन मिनीबस कधी बऱ्या? अरुंद गल्ल्यांत, वागातोर-शापोरासारख्या ठिकाणी जायचं असेल किंवा ग्रुपमध्ये दोन वेगळ्या आवडी असतील तेव्हा. तुमच्या कापलेल्या यादीत मोठी बस अडेल असं काहीच उरलेलं नाही. दोन गाड्या म्हणजे दोन ड्रायव्हर, दोन मोजण्या आणि एक गाडी नेहमी दुसरीची वाट बघत उभी. गाडी ठरवताना अखिल भारतीय पर्यटक परवाना बघा आणि प्रवाशांची नावांची यादी गाडीत ठेवा, तपासणीत मागतात. मालकाशी कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: रोजचे किलोमीटर, टोल-पार्किंग कुणाचं, ड्रायव्हरचं जेवण कुणाकडे. वाद याच तिघांवर होतात.

मोजणीची एक पद्धत सांगतो, ती मला महागात पडून आली. बऱ्याच वर्षांपूर्वी जुन्या गोव्यात क्लीनरने डोकी मोजली, "पूर्ण आहेत" म्हणाला आणि आम्ही निघालो. पणजी जवळ आल्यावर एक काकू हळूच म्हणाल्या, "आमचे हे दिसत नाहीत." क्लीनरने स्वतःला मोजलं होतं. आजोबा आरामात चहाच्या टपरीवर बसलेले, टपरीवाल्याला सातारच्या पावसाबद्दल सांगत होते. मोबाईल पिशवीत, पिशवी बसमध्ये. तेव्हापासून मी डोकी मोजत नाही. निघण्याआधी जोड्या लावतो, नवरा-बायकोची जोडी शक्यतो तोडून. शेजारचा आला का, हे जोडीदाराने ओरडून सांगायचं. नवरा-बायको का तोडायचे? त्यांना सवय असते, दोघं एकमेकांना गृहीत धरतात. त्या काकूंनी पणजीपर्यंत काही म्हटलं नव्हतं.

शेवटी सामानात एक वस्तू टाका: बारा-पंधरा इंच उंचीचं भक्कम लाकडी स्टूल, खाली रबर लावलेलं. बसची पहिली पायरी उंच असते आणि साठीनंतर गुडघा तिथेच दगा देतो. दाराशी हे स्टूल ठेवून क्लीनरने हात दिला तर उतरायला लागणारी आठ मिनिटं पाचवर येतात. आठ उतरणींना चढताना-उतरताना मिळून तुमचा पाऊण तास वाचला. त्यातला शनिवारचा वाटा म्हार्दोळला द्या, ओटी भरणाऱ्यांसाठी. दुसरी सीट ८१ वर्षांच्या आजोबांना, पहिली नको. अचानक ब्रेक लागला तर पहिल्या सीटपुढे धरायला काही नसतं. हॉटेल ठरलं की त्याचा भाग कळवा, त्याप्रमाणे शुक्रवारच्या वेळा पुढे-मागे करून देतो.